वाघमोडे तात्या आणि मागची खोली

आमच्या छापखान्यातल्या तिन्ही कपाटांची दारं वाघमोडे तात्यांनी एका दुपारी स्क्रू काढून उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी इंदापूरला एका शाळेची प्रगतिपुस्तकं पोचवायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर कपाटं उघडीवाघडी उभी. कागदाचे रीम, शाईचे डबे, मी लपवून ठेवलेला बिस्किटांचा पुडा, सगळं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं मांडलेलं. मी ओरडलो. तात्या हातातला पेचकस नाचवत म्हणाले, "दाराचा उपेग तरी काय? आत काय हाय ते दिसू नये, येवढाच ना?"

जे आहे ते दिसलं पाहिजे, हा तात्यांचा एकमेव धर्म होता आणि तो ते फार कडक पाळत. जेवणाच्या डब्याचं झाकण डबा आल्या आल्या काढून ठेवत. कालवण सांडलं की नाही ते कळायला नको का? सायकल दारातच आडवी लावत, त्यामुळे बारामतीतल्या चांगल्या चांगल्या प्रतिष्ठित माणसांना आमच्याकडे पाय उंच करून यावं लागे. एस.टी.त पिशवी वरच्या फळीवर ठेवली तर हे खाली बसत नसत. पिशवीखाली मान वर करून भिगवणपर्यंत उभे. शेजारची सीट रिकामी असली तरी उभे.

आणि स्वस्थ बसणं म्हणाल तर नाव नको. दर दहा मिनिटांनी उठायचे आणि छापखान्यात एक फेरी मारायचे. प्रत्येक वस्तूकडे बोट करून स्वतःशीच म्हणायचे, "सायकल हाय. कागद हाय. शाई हाय. सुधीर हाय." मी मालक, वडिलांच्या मागे छापखाना माझ्या नावावर झालेला, पण त्या फेरीत माझा नंबर शाईच्या डब्यानंतर लागे. मी मुळात उतावळा माणूस. समोर कुणी सारखं ऊठबस करायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "तात्या, मी कुठं पळून जाणार आहे?" असं मी चिडून विचारलं की ते म्हणत, "तसं कोनच सांगून जात न्हाय."

हा स्वभाव कुठून आला त्याची दोन कारणं ऐकण्यात होती. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. लहानपणी तात्यांना कळपाच्या शेवटी चालायचं काम असे, एकही मेंढरू मागं राहता कामा नये म्हणून. पुढं वडिलांनी कळप विकला, कालव्याकाठी थोडी शेती केली आणि पोराला आमच्या छापखान्यात चिकटवून दिलं. तिथं तात्या पंचवीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. कंपोझिटरची खिळ्यांची पेटी तुम्ही पाहिली असेल तर ठाऊक असेल, तिला झाकण नसतं. क चा खण, ख चा खण, काना, मात्रा, वेलांटी, सगळं डोळ्यांपुढं पसरलेलं. पंचवीस वर्षं अशी पेटी पुढ्यात असल्यावर माणसाला झाकणाचा राग येणं मी समजू शकतो. कपाटांबद्दल मात्र मी त्यांना कधी माफ केलं नाही.

मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला. विंडोज ९५ तेव्हा नुकतीच तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली होती. मला वाटलं होतं, तात्या आता घरी बसतील. कसले बसतात! पन्नाशीला टेकलेल्या या माणसानं दोन महिन्यांत मराठी टायपिंग असं उचललं की मलाच विचारायला जावं लागे. फक्त पहिल्याच आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा काढून टाकला. आतला पंखा, तारा, हिरव्या पट्ट्या सगळं उघडं. गिऱ्हाइकं लग्नपत्रिकेचे नमुने सोडून तेच बघत बसत.

भांडण सुरू झालं ते हार्ड डिस्कवरून. त्या डब्यावर एक लाल दिवा होता. काम जड झालं की तो लुकलुकायचा आणि आतून करकर आवाज यायचा. तात्यांनी चार दिवस तो ऐकून घेतला आणि पाचव्या दिवशी मला हाक मारली.

"सुधीर, हे मधीच कुठं जातंय?"

"कोण?"

"यंत्र. मी हितं नाव टाइप करतुया आन हे दिवा लुकलुकवून मागं काय तरी हुडकतंय."

मला समजावून सांगायची हौस आहे. मी खुर्ची ओढून बसलो. "तात्या, आपलं हे कामाचं टेबल आहे ना, तशी यंत्राची मेमरी. सोळा एमबी, एवढंच टेबल. त्यावर मावेल त्यापेक्षा जास्त काम आलं तर यंत्र काय करतं? आत्ता ज्याची गरज नाही ते उचलून मागच्या खोलीत ठेवतं. मागची खोली म्हणजे हार्ड डिस्क. पुन्हा ते लागलं की आत जाऊन आणतं, आणि त्याला जागा करायला दुसरं काहीतरी मागं नेऊन ठेवतं. ही ने-आण चालते तीच ही करकर. मागची खोली लांब पडते, म्हणून वेळ लागतो. गंमत अशी की प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, सगळं टेबलावरच पसरलेलं आहे. म्हणून तिला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. आभासी."

तात्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे नसलेलं टेबल हाय म्हनून सांगतंय."

"तसंच म्हणा."

"आन तुला हे चालतंय?"

मला चालत होतं. बारामतीतल्या सगळ्यांना चालत होतं. तात्यांना चालेना. त्या दिवसापासून दिवा लुकलुकला की ते म्हणायचे, "गेलं." करकर थांबली की म्हणायचे, "आलं." दिवसभर गेलं, आलं, गेलं, आलं. मध्येच टायपिंग सोडून उघड्या डब्यावर वाकायचे आणि काय गेलं, कुठल्या वाटेनं गेलं ते बघायचा प्रयत्न करायचे. तेव्हाच ते विचारायला लागले, "ही मागची खोली बंद करता येती का?" दिवसातून सात वेळा तरी.

याच दिवसांत त्यांच्या घरी एक पत्र आलं होतं, आणि आता मला वाटतं की त्या करकरीचा सगळा त्रास त्या पत्रापासून सुरू झाला.

तात्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात दोघंच, तात्या आणि त्यांची मुलगी सविता. सविता बारावी झाली, चुणचुणीत पोरगी. तिनं कुणाला न सांगता पुण्याच्या नर्सिंगचा अर्ज भरला आणि तिचा नंबर लागला. तीन वर्षं हॉस्टेलवर राहायचं. पत्रासोबत पालकाचं संमतिपत्र होतं. त्यावर वडिलांची सही घेऊन शनिवारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्या मुलीला. पत्र आलं तेव्हा त्या शनिवारला बारा दिवस होते.

तात्यांनी ते संमतिपत्र छापखान्यात आणलं. आमच्याकडे ओली प्रुफं वाळत घालायला एक दोरी होती, तिच्यावर ते कॉम्प्युटरच्या बरोबर वर चिमट्यानं अडकवलं. सही न केलेलं. येणारा-जाणारा वाचायचा आणि आपलं मत देऊन जायचा.

सविता रोज दुपारी डबा घेऊन यायची. डबा ठेवायची, दोरीकडे बघायची आणि विचारायची, "आप्पा, सही?"

"बगू."

"कधी बघणार?"

"बगतोयच की. म्होरंच लटकलंय."

एकदा ती माझ्याकडे वळली. "सुधीरदादा, तुम्ही तरी सांगा." मी सांगायला गेलो. तात्या माझ्यावरच उखडले. रागावले की ते मला मालक म्हणत. "मालक, तुमी सांगताय ते खरं हाय. कोर्स चांगला हाय, पोरगी हुशार हाय, सगळं कबूल. पर ती पुन्यात कवा उठली, कवा निजली, जेवली का न्हाय, मला हितनं काय दिसनार? दिसत न्हाय ते हाय म्हनायचं तरी कसं?" आणि उठून फेरी मारायला गेले. त्या फेरीत सविताकडेही बोट झालं. "सविता हाय," असं म्हणाले आणि पुढं निघाले. पोरगी डोळे पुसत घरी गेली. मला तात्यांचा मनापासून राग आला.

त्याच रागात माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी आठव्यांदा विचारलं, बंद करता येतं का, आणि मी तडकलो. "येतं! बघा!" कंट्रोल पॅनेल उघडलं, त्यात सिस्टम, त्यात आणखी दोन बटणं, आणि दाखवलं. "या चौकोनात टिचकी मारली की मागची खोली बंद. पण बाजूला काय लिहिलंय ते वाचा. असं करू नये, असं लिहिलंय. कारण टेबल भरलं की यंत्राला दुसरी जागाच उरत नाही. ते सरळ हात वर करतं." मी ते बंद करून चहाला गेलो. ज्या माणसानं कपाटांची दारं काढली त्याला मी तो चौकोन दाखवून चहाला गेलो, हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही.

परत आलो तर छापखान्यात शांतता. करकर नाही, दिवा नाही. फाइल सेव्ह करताना काय तो लुकलुकायचा, तेवढं तात्या त्याला माफ करत. यंत्र पळतही होतं. दुकानाच्या उद्घाटनाचं कार्ड, बारशाचं कार्ड, लहान लहान कामं झरझर उरकली. तात्या सलग दोन तास खुर्चीतून उठले नाहीत. हे मी पंचवीस वर्षांत, म्हणजे माझ्या पाळण्यापासून धरून, पहिल्यांदा पाहत होतो. मला काय कळणार? मला वाटलं, यंत्राला तात्यांची सवय झाली.

मग लासुर्ण्याची लग्नपत्रिका आली.

आमच्या भागातली लग्नपत्रिका ज्यानं वाचलेली नाही त्याला सांगायला हवं की वधूवरांची नावं त्यात शोधावी लागतात. निमंत्रक असतात, संयोजक असतात, स्वागतोत्सुक असतात, कार्यवाहक असतात. भावकी असते, सोसायटीचे आजी-माजी पदाधिकारी असतात आणि तळाला आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी पोरं असतात. एक नाव राहिलं तर ते घर दोन पिढ्या लग्नाला येत नाही. लासुर्ण्याच्या या पत्रिकेत दोनशेबारा नावं होती, वर बिरोबाचं चित्र, खाली कलश, दोन्ही बाजूंना केळीचे खांब.

मी त्या दिवशी कागद आणायला पुण्याला गेलो होतो. पुढं काय झालं ते मला तात्यांनीच नंतर सांगितलं. केळीचे खांब येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग पडद्यावर पाटी आली की मेमरी पुरत नाही, एखादा प्रोग्रॅम बंद करा. तात्यांनी पडद्यावरचं घड्याळ बंद केलं. पुन्हा पाटी. चित्रं काढायचा प्रोग्रॅम बंद केला. पुन्हा पाटी. पडद्यावर बंद करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी छताचा पंखा बंद केला. तरी पाटी हटेना. टिचकी काढली असती तर पत्रिका एका मिनिटात उघडली असती. पण मग मागची खोली उघडली असती. तात्या घामाघूम होऊन बसले आणि त्यांनी पत्रिकेचे दोन तुकडे केले. वरचा अर्धा भाग एका फाइलमध्ये, खालचा दुसऱ्या. दोन्हींचे वेगळे प्रिंट काढले, जुन्या पद्धतीनं ब्लेडनं कापले आणि गोंदानं एका कागदावर जुळवले. जोड इतका सफाईदार की मलाही दिसला नाही.

प्रूफ वधूच्या वडिलांनी वाचलं. आमच्याकडे प्रूफ वाचताना माणूस आपलं नाव आणि आपल्या भावकीची नावं वाचतो. तेवढी सगळी बरोबर होती. सातशे पत्रिका छापून झाल्या, मंगळवारी लासुर्ण्याला गेल्या.

गुरुवारी सकाळी एक साठीचा माणूस दारातल्या सायकलवरून पाय उचलून आत आला. पांढरी टोपी, खांद्यावर पोतं. पोतं खाली ठेवून तो स्टुलावर बसला.

"मी दशरथ. डाळजचा. लासुर्न्याच्या पुरीचा मामा."

"या मामा, बसा. काय झालं?"

"झालं काय न्हाय. रीत हाय ना, पयली पत्रिका देवाला, दुसरी मामाला. दुसरी मला आली. मी चष्मा लावून वाचली, तर मी त्यात न्हाय. म्हनलं चष्म्याची चूक आसंल. शेजाऱ्याला वाचाय लावली. त्यालाबी मी गावलो न्हाय."

मी झडप घालून पत्रिका घेतली. दोनशेबारा नावांतली दोनशेअकरा होती. 'वधूचे मामा' ही ओळ पत्रिकेच्या बरोबर मध्यावर असते, जिथं तात्यांचं ब्लेड फिरलं होतं तिथं. कागदाची ती बोटभर पट्टी कापली जाऊन केरात गेली होती.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी पत्रिका घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग ते उठले. मला वाटलं फेरी मारणार. ते दोन पावलं गेले आणि तिथंच उभे राहिले. "माझ्या डोळ्यांदेखत गेलं," ते म्हणाले. "सुधीर, मी त्या चौकोनात टिचकी मारली हुती."

मग सगळी हकीकत बाहेर आली, पंख्यासकट. मला फार बोलायचं होतं. पण मामा समोर बसलेले होते. मामांनाच वाईट वाटलं. "आवो, मी भांडाय आलो न्हाय," ते म्हणाले. "पत्रिकेत नसलो तरी मांडवात मी पुरीमागं उभा ऱ्हानारच हाय. पर पोरगी रडाय लागली. म्हनली, मामा न्हाय तर ही पत्रिका मी वाटू देनार न्हाय. पोतं भरून तिनंच दिलं. बगा काय जमतंय."

देवाची आणि मामाची सोडली तर एकही पत्रिका वाटली गेली नव्हती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नव्यानं छापायला वेळ नव्हता. तात्यांनी खिळ्यांची पेटी ओढली. आमचं जुनं पायाचं ट्रेडल मशीन पावत्यांवर नंबर टाकायला अजून ठेवलेलं होतं. त्यांनी शिशाचे खिळे उचलून एक ओळ जुळवली: वधूचे मामा श्री. दशरथ, मु. पो. डाळज. पण ती घालायची कुठं? पत्रिकेत बोट ठेवायला जागा नव्हती. एकच मोकळी जागा सापडली, सगळ्यात वर, श्री बिरोबा प्रसन्नच्या खाली.

तात्या ट्रेडल मारायला लागले. मामा पत्रिका एकेक करून हातात देऊ लागले, मी वाळत घालू लागलो. शंभरेक झाल्यावर मामांनी एक पत्रिका लांब धरून पाहिली आणि खुशीत म्हणाले, "पाव्हनं, ह्ये तर तुमी मला देवाच्या मांडीलाच बसवलं!"

तात्या हसले नाहीत. पाय चालू ठेवून त्यांनी विचारलं, "पोरगी तुमच्यासाठी रडली व्हय? बापाचं सोडून मामासाठी?"

"आमच्याकडंच ऱ्हायली की ती. सहावीपास्नं धावीपतुर. तितं तवा शाळा लांब हुती. पाच वर्सं डाळजला आमच्यात."

ट्रेडल थांबलं. "पाच वर्सं? आन आईबापानं सोडली?"

"सोडली म्हंजे काय, धाडली. शिकाय नको का?"

"त्यांना दिसत न्हवती ती."

"कशी दिसंल? लासुर्नं कुठं, डाळज कुठं!" मामांना प्रश्नच कळेना. "माझी भन रोज सांजच्याला तिच्या नावाची एक भाकरी जादा थापायची. म्हनायची, पोरगी हितं नसली म्हनून काय तिचं ताट उचलायचं का?"

"मग त्या भाकरीचं काय व्हायचं?"

"दाजी खायाचं. पाच वर्सांत चांगलंच सुटलं." मामा हसले, मग पुढची पत्रिका देत म्हणाले, "दिवाळीला यायची पोर. सुरवातीला जरा लाजायची, घुटमळायची दारात. वाईच दम धरला की आत येऊन आईच्या शेजारी बसायची, जशी काय कवा गेलीच न्हवती. जाईल कुठं? आपलीच हाय की."

तात्यांनी ट्रेडलवर पुन्हा पाय मारला. उरलेल्या सहाशे पत्रिका होईपर्यंत ट्रेडल थांबलं नाही. दुपारी मामा पोतं खांद्यावर टाकून निघाले. जाताना तात्यांना म्हणाले, "लग्नाला यायचं. पत्रिकेत माझं नाव सापडलं न्हाय असं कोन म्हनलं तर तुमीच दावा." तेवढ्यानं तात्यांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं.

मामा गेल्यावर तात्या कॉम्प्युटरपुढं बसले. "सुधीर, ती टिचकी काढ."

मी काढली, यंत्र पुन्हा सुरू केलं. तात्यांनी लासुर्ण्याच्या पत्रिकेचे दोन्ही तुकडे एकाच पानावर आणले. लाल दिवा लुकलुकला. करकर, करकर. तात्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ओठ हलले, पण गेलं असं म्हणाले नाहीत. बराच वेळ लागला. मग पडद्यावर बिरोबा आला, केळीचे खांब आले, नावं आली, एकेक करत सगळी आली. आता त्या पत्रिकेचा कुणालाच उपयोग नव्हता. तरी तात्यांनी मधल्या जागेत दशरथमामांचं नाव टाइप केलं आणि सेव्ह केलं.

"म्होरंच ठिवायच्या हट्टापायी कापलं गेलं बग," ते म्हणाले. "मागं ठिवलं असतं तर ऱ्हायलं असतं."

"हो तात्या."

"वेळ लागतो येवढंच ना?"

"एवढंच."

त्यांनी उभं राहून दोरीवरचं संमतिपत्र काढलं. सही करायला पेन मागितलं, पेन हातात घेऊन छापखान्यात तीन फेऱ्या मारल्या, कशाकडेही बोट केलं नाही. मग टेबलावर वाकून सही केली. इतकी वर्षं पगाराच्या पुस्तकात मी त्यांची सही बघत होतो, ती एवढी वाकडी कधी पाहिली नव्हती. सविता डबा घेऊन आली तेव्हा त्यांनी तो कागद नुसता पुढं केला. पोरीनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि बापाच्या गळ्यात पडायच्या ऐवजी घाबरून विचारलं, "आप्पा, तुम्हाला बरं आहे ना?"

शनिवारी सकाळच्या गाडीला सोडायला मी पण स्टँडवर गेलो. तिच्याबरोबर पुण्यापर्यंत तिची मावशी जाणार होती. तात्यांनीही जावं असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, "मी गेलो तर मला परत यायचं न्हाय सुचायचं." एक पत्र्याची ट्रंक, एक गादीची वळकटी. ट्रंकेचं कुलूप तात्यांनी स्वतः लावलं आणि किल्ली सविताच्या हातात दिली.

सविता वाकून पाया पडली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "जा. खिडकीशेजारी बस," एवढंच म्हणाले. ती बसमध्ये चढली, कंडक्टरनं दार ओढलं. मी बघतो तर तात्या माझ्या शेजारी नाहीत. ते मागं जाऊन वेळापत्रकाच्या पाटीपुढं उभे होते, बसकडे पूर्ण पाठ करून. मला कळेना. मी धावत गेलो, त्यांचा दंड धरला.

"तात्या, बस तिकडं आहे! निघाली! बघा तरी!"

"ठाव हाय," तात्या म्हणाले. "सवय करतुया."

इंजिन धडधडलं. सविता खिडकीतून अर्धी बाहेर आली होती, बापाच्या पाठीकडे बघून हात हलवत होती. मी तात्यांचा दंड सोडला आणि त्यांच्या वतीनं जोरजोरात हात हलवत राहिलो, बस कोपऱ्यावर वळेपर्यंत. माझेही डोळे भरून आले होते, ते लपवायचं मला सुचलं नाही.

"गेली?" तात्यांनी पाटीकडे बघतच विचारलं.

"गेली, तात्या."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. पुण्याहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या त्या पाटीवर बोट ठेवून ते पहिल्या ओळीपासून एकेक वेळ हळू आवाजात वाचायला लागले. छापखाना उघडायची वेळ होत आली होती, दोन गिऱ्हाइकं येऊन बसणार होती. मी शेजारी उभा राहिलो आणि त्यांचं वाचून होईपर्यंत त्यांना एकदाही चला म्हणालो नाही.